एका सुट्या तारेची चौकशी

दानिएलच्या ग्रंथातील सुसान्नाची कथा आपल्या परिचयाची आहे. तिला देहदंडासाठी नेणाऱ्या जमावाला एका तरुणाने थांबविले, दोघा साक्षीदारांना वेगवेगळे करून एकच प्रश्न विचारला आणि त्यांचे असत्य उघडे पडले. पण सुसान्ना निर्दोष होती. ज्याच्या हातून चूक खरोखरच घडली, त्याच्या बाबतीतही इतके खोल उतरावे काय? या प्रश्नापाशी आम्हांला इंग्लंडमधील एक रेल्वे अपघात आठवतो.

सोमवार, दि. १२ डिसेंबर १९८८. ऐन गर्दीच्या वेळी लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनजवळ एक प्रवासी गाडी उभी होती. चालकाला सिग्नल संशयास्पद वाटल्याने ते फोनवरून कळविण्यासाठी तो थांबला होता. मागच्या सिग्नलने लाल दिवा दाखवावयास हवा होता. तो दाखविला नाही. पाठोपाठ आलेली गाडी आदळली आणि शेजारच्या रुळावरील रिकामी गाडीही त्यात सापडली. ३५ जण प्राणास मुकले. ज्यांच्या घरची माणसे रोज लोकलने कामाला जातात, त्यांना अधिक सांगावयास नको.

कारण लवकरच सापडले. पंधरा दिवसांपूर्वी सिग्नलची नवी जोडणी करताना एका तंत्रज्ञाने जुनी तार एका टोकाला सोडविली होती. परंतु ती कापली नाही, की बांधून दूर ठेवली नाही. आदल्या दिवशीच्या कामात ती हलली आणि पुन्हा जुन्या जागी टेकली. तंत्रज्ञाने चूक नाकारली नाही. प्रकरण येथेच मिटविता आले असते.

चौकशीचे प्रमुख, ज्येष्ठ वकील अँथनी हिडन, तेथे थांबले नाहीत. त्यांच्या १९८९ च्या अहवालातून दिसते ते असे : या माणसाला तेरा आठवड्यांत एकच दिवस सुट्टी मिळाली होती. तारा तशाच सोडण्याची सवय त्याला नोकरीभर होती. ती कोणीही सुधारली नव्हती. त्याचा पर्यवेक्षक त्या दिवशी स्वतःच दुसऱ्या कामात गुंतला होता. दुसऱ्या कोणीतरी तारा मोजून पाहावयाच्या, अशी सूचना कागदावर होती. प्रत्यक्षात कोणीही मोजल्या नाहीत. १९८५ साली ऑक्स्टेड येथे सिग्नलच्या कामात अशाच चुका होऊनही त्यांतून पुरेसा बोध घेतला गेला नव्हता.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना कृत्य, हेतू आणि परिस्थिती ही त्रयी आम्हांला घोकावी लागली. (त्या वयात परिस्थिती हे प्रकरण आम्ही परीक्षेपुरतेच वाचले, हे कबूल करतो.) हिडन यांनी तंत्रज्ञाला दोषमुक्त केले नाही. परंतु त्याला काढून त्याच खोलीत दुसऱ्या थकलेल्या माणसास बसविले असते, तर तारा मोजणारा मात्र तेव्हाही कोणी नसता.

अहवालात ९३ शिफारशी होत्या. कामाच्या तासांवर मर्यादा आल्या. १९९१ साली न्यायालयाने अडीच लाख पौंडांचा दंड ठोठावला, तो ब्रिटिश रेलला.