हत्यार जुनंच, कारणं नवी

तिशी ओलांडलेल्या माणसाला डॉक्टर म्हणाले, "टॉन्सिल्स काढून टाकू," की घरातून पहिली हरकत निघते ती वयावरून. हे तर पोरासोरांचं ऑपरेशन, आता संसार मांडल्यावर कुठे घसा कापून घ्यायचा? खानदेशातल्या शिरपूरसारख्या तालुक्याच्या गावात या हरकतीला मामा, मावशी, शेजारी अशा सगळ्यांचा पाठिंबा मिळतो. पण टॉन्सिल्स आणि बालपण ही जोडी जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांची आहे. ऑपरेशन मात्र दोन हजार वर्षांचं. एवढ्या काळात कापायची रीत फारशी पालटली नाही, पालटत गेलं ते कापायचं कारण. आणि कारण पालटलं की कोणाचे कापायचे आणि किती कापायचे, हेही पालटत गेलं.

मागोवा घरापासूनच घ्यावा लागतो. पोराच्या "गयामां गाठी उन्यात", म्हणजे गळ्यात गाठी आल्या, म्हटलं की खानदेशातली आजी दवाखान्याची वाट बघत बसत नसे. बोटाला हळद-मीठ लावायचं, पोराचं डोकं मांडीत धरायचं आणि जिभेच्या मुळापर्यंत बोट घालून दोन्हीकडच्या गाठी दाबायच्या. बाहेरून हळद-चुन्याचा लेप. पडजीभ लोंबल्यासारखी वाटली तर टाळूवरची केसांची बट धरून एक हिसका. 'टक्' वाजलं की पडजीभ जागेवर गेली, असा हिशेब. पू धरलेली गाठ दाबानं फुटून कधी आराम पडे, कधी जखम चिघळून ताप चढे.

हेच बोट पहिल्या शतकात रोमच्या सेल्ससनं शस्त्रक्रियेच्या ग्रंथात नेलं. वारंवार सुजून टणक झालेली गाठ बोटानं कडेकडेनं मोकळी करून उपटावी, नाहीच निघाली तर आकडा रुतवून ओढून धरावी आणि सुरीनं कापावी, असं तो सांगतो. सातव्या शतकात एजिना बेटावरच्या पॉलनं त्यात माणसांची मांडणी भरली. रोग्याला उन्हात तोंड करून बसवायचं, एकानं डोकं धरायचं, दुसऱ्यानं जीभ दाबायची आणि वैद्यानं आकड्यानं गाठ पुढे ओढून वाकड्या सुरीनं छाटायची. भूल नाही, दिवा नाही. उजेड सूर्याचा आणि धीर रोग्याचा.

आपल्याकडे सुश्रुतानं घशाच्या रोगांत 'गिलायु' सांगितला आहे. आवळ्याच्या बीएवढी, हलत नाही अशी, फारशी न दुखणारी गाठ. घास अडकून बसल्यासारखा वाटतो आणि इलाज शस्त्रानंच. टाळूच्या रोगांत 'तुंडिकेरी' येते, तिला टीकाकारांनी रानकपाशीच्या फळाची उपमा दिली. कपाशीच्या मुलखात ती वेगळी समजावून सांगायला नको. पण सुश्रुताचा खरा अनुभव दिसतो तो पडजीभ छाटण्याच्या सूचनेत. चिमट्यानं ओढून धरा, कापा, पण तिसरा हिस्साच. जास्त कापलं तर रक्त वाहून माणूस दगावेल, कमी कापलं तर सूज आणि लाळ मागे लागेल. घशात हत्यार घालणाऱ्याची मोठी भीती रक्ताची, हे त्यानं तेव्हाच लिहून ठेवलं. आजही सर्जनची झोप उडते ती याच भीतीनं.

सुश्रुत असो की सेल्सस, हे मुलांचं ऑपरेशन म्हणून दोघांनीही वेगळं काढलेलं नाही. कारण साधं होतं. गाठ वाढली, गिळता येत नाही, श्वास अडतो, म्हणून दिसतो तेवढा भाग छाटा.

हे कारण एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकलं. १८२८ साली फिलाडेल्फियाच्या फिलिप सिंग फिझिक यांनी पडजीभ कापायच्या हत्यारात फेरफार करून टॉन्सिल्ससाठी गिलोटिन तयार केलं. लांब दांडा, टोकाला कडी आणि कडीत सरकणारं पातं. कडी गाठीवर बसवायची, अंगठ्यानं दांडा रेटायचा, काम क्षणात फत्ते. पुढे लंडनच्या मोरेल मॅकेन्झी यांनी त्याला सुटसुटीत रूप देऊन सगळीकडे पोचवलं. भुलीच्या आधीच्या काळात वेग हीच दया होती आणि गिलोटिननं ती दिली. पण कडीत जेवढं शिरेल तेवढंच कापलं जाई, मुळं आतच राहत. त्या काळच्या कारणाला तेवढं पुरेसं होतं.

१८४७ नंतर क्लोरोफॉर्म आलं आणि दुखणं शमलं, पण नवा धोका उभा राहिला. शेजारच्या निजामाच्या हैदराबादेत १८८८ आणि १८८९ साली दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. भुलीखाली माणूस मरतो तो श्वास बंद पडून, तेव्हा नाडीपेक्षा श्वासावर नजर ठेवा, असा त्यांचा निष्कर्ष होता. क्लोरोफॉर्म थेट हृदयही बंद पाडतं, हे नंतर सिद्ध झालं. तरी घशाच्या ऑपरेशनपुरती श्वासाची चिंता रास्तच होती. इथे सर्जनला आणि भूल देणाऱ्याला एकच अरुंद जागा हवी असते, आणि त्याच जागेत रक्त साचतं. श्वासनळीत घालायची फुगा असलेली नळी १९२८च्या सुमारास वापरात येऊ लागली, तेव्हा कुठे रक्ताची आणि श्वासाची वाट वेगळी झाली.

विसाव्या शतकाच्या तोंडाशी कारण बदललं. घशाभोवतीचं लसिका ऊतींचं कडं जर्मनीच्या वाल्डायर यांनी १८८४ साली नोंदवलं होतं. जंतूंचा सिद्धांत रुळला होता. शिकागोच्या फ्रँक बिलिंग्ज यांच्यासारख्या डॉक्टरांनी मग मांडलं की दात आणि टॉन्सिल्स ही जंतूंची दडून बसायची ठिकाणं आहेत, तिथूनच संधिवात, मूत्रपिंडाचे आणि हृदयाचे आजार पसरतात. आता गाठ मोठी असण्याचीही गरज उरली नाही, तिच्यावर नुसता संशय पुरेसा झाला. आणि शत्रू आत दडलेला म्हटल्यावर वरवर छाटून भागेना. गाठ तिच्या आवरणासकट मुळापासून काढायची पद्धत १९०७ ते १९१७ या दशकात अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये बसली. आज ज्याला आपण टॉन्सिल्सचं ऑपरेशन म्हणतो ते हे.

याच सुमारास ते मुलांच्या वाट्याला गेलं. १९०७च्या कायद्यानं इंग्लंडमध्ये शाळाशाळांतून वैद्यकीय तपासणी सुरू झाली. रांगेत उभं केलेल्या पोरांनी 'आ' केला की टॉन्सिल्स दिसणारच, त्या वयात ते मोठे असतातच. दिसले की यादीत नाव. १९३४ साली न्यू यॉर्कच्या एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ६११ जणांचे टॉन्सिल्स आधीच काढलेले होते. उरलेली ३८९ मुलं डॉक्टरांना दाखवली, तर ४५ टक्के मुलांना ऑपरेशन सुचवलं गेलं. ज्यांना 'नको' म्हटलं ती दुसऱ्या डॉक्टरांना दाखवली, तर त्यांतल्याही ४६ टक्के मुलांना 'काढा'. तिसऱ्या खेपेलाही तोच हिस्सा. हजारांतली ६५ मुलं तेवढी सुटली, आणि तिथे पाहणी थांबली. मुलांचे घसे तेच होते, डॉक्टरांच्या डोक्यात मात्र 'साधारण निम्म्यांचे काढायचे' हे आधीच बसलं होतं.

१९३८ साली इंग्लंडच्या ॲलिसन ग्लोव्हर यांनी गावागावांचे आकडे शेजारी ठेवले. एका गावात ढिगानं ऑपरेशनं, दुसऱ्यात क्वचित, आणि सुखवस्तू घरांत सर्वांत जास्त. हॉर्न्सी गावात १९२९ साली शाळेचा डॉक्टर बदलला आणि ऑपरेशनं एक-दशांशावर आली. मुलांचं काही बिघडलं नाही. तरी लाट ओसरायला वेळ लागला. अमेरिकेत १९५९ साली वर्षाला सुमारे १४ लाख ऑपरेशनं होत होती.

ही लाट मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गापर्यंत आली. मे महिन्याची सुट्टी, टॉन्सिल्स आणि नंतर पोटभर आइस्क्रीम ही आठवण त्या पिढीत अनेकांकडे आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी ती पोचली नाही. शिरपूरहून मुंबईपेक्षा इंदूर जवळ. आग्रा रोडनं वर गेलं की १९४८पासून तिथे एमजीएम मेडिकल कॉलेज होतं. धुळ्यात सरकारी मेडिकल कॉलेज आलं ते १९८९ साली. पावरा किंवा भिल्ल पाड्यावरच्या पोराचा घसा पाहायला शाळेत घशाचा डॉक्टर येणार कुठून? त्यामुळे इथल्या कित्येकांचे टॉन्सिल्स बालपणाच्या त्या मोहिमेतून सहीसलामत सुटले. आज तिशीत ऑपरेशन टेबलावर येणारा माणूस उशिरा आलेला नाही, त्याला त्या वयात कोणी उगाच कापलं नाही एवढंच.

लाट ओसरण्यात औषधाचाही वाटा आहे. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि देशी पेनिसिलिन सुरू झालं. आपल्याकडे टॉन्सिल्सची खरी दहशत होती ती सांध्यांच्या तापाची. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूपासून सुरुवात, मग सांधे सुजणं आणि शेवटी हृदयाच्या झडपा निकामी. 'टॉन्सिल्स काढले नाहीत तर हार्ट जाईल' हे वाक्य त्यातून आलं. पण तो ताप येऊन गेलेल्या माणसाचं रक्षण करतं ते दर तीन-चार आठवड्यांनी घ्यायचं पेनिसिलिनचं इंजेक्शन. टॉन्सिल्स काढणं त्याची जागा घेऊ शकत नाही. शिवाय दुखऱ्या घशांपैकी बरेचसे विषाणूंचे असतात, तिथे ना पेनिसिलिन लागतं ना सुरी.

मग उरलं काय? मोजणी. १९८४ साली पिट्सबर्गच्या जॅक पॅरडाईज आणि सहकाऱ्यांनी मुलांवरचा अभ्यास छापला. त्यातली अट आजही जगभर चालते: एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा घसा धरला असेल, आणि दर खेपेची नोंद असेल, तरच ऑपरेशनचा विचार. मोठ्यांसाठी हाच हिशेब उसना घेतला जाई. प्रौढांवरचा मोठा पुरावा २०२३ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ब्रिटनमधल्या २७ रुग्णालयांत ४५३ प्रौढ. काहींचे टॉन्सिल्स काढले, बाकीच्यांना औषधोपचारावर ठेवलं. दोन वर्षांत घसादुखीचे दिवस, मधला आकडा धरला तर, पहिल्या गटात २३ आणि दुसऱ्यात ३०. फायदा निश्चित, पण किंमतही निश्चित. ऑपरेशन झालेल्यांपैकी शंभरात सुमारे १९ जणांना रक्तस्राव झाला.

प्रौढाला ऑपरेशन जड जातं ते का, हे टेबलावर कळतं. खांद्याखाली उशी घालून डोकं मागे झुकवलेलं, बॉयल-डेव्हिस गॅगनं तोंड उघडलेलं, त्याच्याच पट्टीखाली जीभ दाबलेली आणि श्वासासाठी घातलेली नळी बसवलेली. सर्जन चिमट्यानं टॉन्सिल मधल्या बाजूला ओढतो आणि आवरण व स्नायू यांमधली फट शोधतो. मुलात ती फट सहज सुटते. वर्षानुवर्षं सुजून बसलेल्या प्रौढ घशात तिथे चिवट जाळं झालेलं असतं आणि गाठीच्या बाजूला पू होऊन गेला असेल तर विचारूच नका. सुरी-कात्रीऐवजी विजेच्या उष्णतेनं कापणारी डायथर्मी आली, मिठाच्या पाण्यातून रेडिओलहरी सोडणारं कोब्लेशन आलं. तरी धरायचं, ओढायचं, सोडवायचं ही चाल सेल्ससचीच.

नंतरचे दहा-चौदा दिवस खडतर. घशाबरोबर कानही ठणकतो, कारण दोहोंची संवेदना एकाच नसेतून जाते. घशात पांढरी साय धरते. तो पू नव्हे, जखमेवरची खपली. ठेचा, शेवभाजी, कळण्याची भाकरी लांब ठेवायची, पण नुसत्या आइस्क्रीमवरही राहायचं नाही. मऊ खिचडी चावून गिळली की घशाचे स्नायू मोकळे होतात. रक्ताचा दुसरा धोका पाचव्या ते दहाव्या दिवसात, खपली सुटताना. थुंकीत ताजं लाल रक्त दिसलं की थेट दवाखाना गाठायचा. म्हणून पळासनेर-बोराडीसारख्या लांबच्या गावांतल्या पेशंटनं ते दिवस शिरपुरात नातेवाइकांकडे काढलेले बरे.

गंमत म्हणजे जुनं कारणही परतलं आहे. घोरताना श्वास अडणाऱ्या मुलांचे टॉन्सिल्स स्वीडनसारख्या देशांत पुन्हा अर्धेच कापतात, आवरण जागेवर ठेवून. अडथळा हे कारण आलं, तशी गिलोटिनच्या काळातली अर्धी छाटणीही आली.

प्रौढासाठी आज चार कारणं खरी धरायला हवीत. मोजून सिद्ध झालेली वारंवार सूज. टॉन्सिलच्या बाजूला पुन्हा पुन्हा होणारा पू. झोपेत श्वास थांबणं. आणि चौथं मोजणीच्या बाहेरचं: एकाच बाजूचा टॉन्सिल वाढत चाललेला, न भरणारा व्रण किंवा मानेला गाठ. तंबाखू-गुटख्याच्या या पट्ट्यात तिथे सात वेळा घसा धरायची वाट पाहायची नाही, तुकडा तपासायला पाठवायचा. बाकीच्यांनी एक करावं. घसा धरला की तारीख, ताप किती आणि औषध कोणतं, एवढं वहीत टिपून ठेवावं. न्यू यॉर्कच्या त्या शाळांत डॉक्टरांकडे पाहायला मुलांचे उघडे घसे होते. मागची नोंद हातात असती तर त्यांतली कितीतरी नावं यादीत चढलीच नसती.