थाट : सतारीच्या पडद्यांवरून आलेला शब्द

मराठीत संसार थाटतात, दुकान थाटतात. सतारीवर थाट लावतात. तिन्ही ठिकाणी मूळ अर्थ एकच : वस्तू जागच्या जागी मांडून घेणे. हिंदीत छपराखालच्या बांबूच्या सांगाड्यालाही ‘ठाट’ म्हणतात. लग्नाच्या थाटातला डामडौल हा पुढे आलेला अर्थ; संगीताने घेतला तो आधीचा, सांगाड्याचा.

सतारीचे पडदे दांडीवर दोऱ्याने बांधलेले असतात आणि ते सरकवता येतात. सप्तकातल्या बाराही स्वरांना पडदा दिला तर दांडीवर गर्दी होते, म्हणून मध्य सप्तकात रिषभ आणि धैवत यांना बहुधा एकेकच पडदा असतो. बिलावल वाजवून झाल्यावर भैरव वाजवायचा असेल, तर हे दोन पडदे खुंट्यांच्या दिशेने सरकवून कोमल करावे लागतात. थाट बदलला तो असा, हाताने आणि डोळ्यांदेखत. असे पडदे सरकणाऱ्या सतारीचा तो चल थाट. सगळ्या स्वरांना कायमचे पडदे असले तर अचल थाट. गळ्याला ही पूर्वतयारी लागत नाही. त्यामुळे हा शब्द वादकांकडून आला, हे त्याच्या अर्थातच दिसते.

संस्कृत ग्रंथकार याच कल्पनेला मेल म्हणत. रामामात्याने 1550 मध्ये ‘स्वरमेलकलानिधी’त वीस मेल सांगितले. सोमनाथाने 1609 च्या ‘रागविबोधा’त मेलाचा खुलासा करताना लोकभाषेत त्याला थाट म्हणतात, असे नोंदवले. म्हणजे सतराव्या शतकाच्या आरंभी हा शब्द बोलण्यात चांगला रुळलेला होता. शास्त्राने त्याला दाराशी तेवढे उभे केले होते. त्याच शतकात तंजावरच्या व्यंकटमखीने ‘चतुर्दण्डिप्रकाशिके’त गणिताने 72 मेल काढले. उत्तरेत मात्र राग-रागिण्यांचा कुटुंबकबिला बराच काळ नांदला : सहा पुरुष राग, त्यांच्या बायका आणि मुले. कोणती रागिणी कोणत्या रागाच्या घरची, यावर मतांचा मेळ नव्हता, आणि नात्याचा स्वरांशी संबंध दाखवणे अवघडच होते.

हा कबिला मोडून राग थाटांत वाटले ते विष्णु नारायण भातखंडे यांनी. मुंबईत वाळकेश्वरला 1860 मध्ये जन्मलेले भातखंडे पेशाने वकील होते, आणि तरुणपणी सतार शिकलेले होते. 1904 मध्ये ते दक्षिणेच्या दौऱ्यावर गेले. तिथली मेलांची व्यवस्था आणि व्यंकटमखीचा ग्रंथ यांची छाप त्यांच्या पुढच्या कामावर स्पष्ट आहे. 1910 मध्ये त्यांचे संस्कृत ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ आले आणि त्याच वर्षी मराठी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’चे प्रकाशन सुरू झाले. गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपातल्या या ग्रंथाचे चार भाग व्हायला 1932 उजाडले.

षड्ज-पंचम अचल, उरलेल्या पाच स्वरांची प्रत्येकी दोन रूपे. प्रत्येकातले एक घ्यायचे म्हटले तर 32 मांडण्या होतात. भातखंड्यांनी त्यांतल्या दहाच ठेवल्या : बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. गणिताने निघालेल्या पण गायकांच्या उपयोगी न पडणाऱ्या चौकटी मांडून ठेवण्यात त्यांना रस नव्हता. सगळे शुद्ध स्वर बिलावलात धरले. पाटण्याच्या मुहम्मद रझाने ‘नगमात-ए-आसफी’त 1813 मध्ये तसेच केले होते. जुन्या ग्रंथांचा शुद्ध मेल आजच्या काफीच्या जवळ जातो, हे विसरून ते वाचले की गोंधळ ठरलेला.

थाटाला सातही स्वर क्रमाने लागतात. त्याला रागासारखे वादी-संवादी नाहीत, पकड नाही, रंजकतेची अट नाही. थाट गात नाहीत. प्रत्येकाला एका प्रसिद्ध रागाचे नाव दिल्यामुळे राग काफी आणि थाट काफी यांची गफलत विद्यार्थ्यांकडून होते, आणि ती सर्वस्वी त्यांची चूक नाही.

चौकट कुठे अपुरी पडते तेही लवकर दिसले. भूप आणि देशकार या दोन्ही रागांचे स्वर सा रे ग प ध असेच. तरी भूप कल्याण थाटात आणि देशकार बिलावल थाटात. ज्या मध्यमावरून हे दोन थाट वेगळे होतात तो या रागांत नाहीच, तेव्हा निवाडा चलनावरून, म्हणजे स्वर कसे फिरतात त्यावरून, होतो. ललतची अडचण उलटी आहे. त्यात दोन्ही मध्यम लागोपाठ लागतात आणि पंचम वर्ज्य आहे. भातखंड्यांनी तो मारवा थाटात घातला; पण आज बहुतेक जण त्यात कोमल धैवत लावतात, म्हणून काही जण त्याला पूर्वी थाटात बसवतात. दोन मध्यमांना जागा दोन्हीकडे नाही. सतारीवर मात्र शुद्ध आणि तीव्र मध्यमाचे पडदे शेजारी शेजारी बांधलेले असतात, आणि ललतला तिथे काहीच अडत नाही.