मिसळीची पारख आणि मंगळवार पेठ

कोल्हापूरच्या मिसळीला बाहेरगावचा माणूस गुण देतो ते तिखटावर. कट किती लाल, घाम किती फुटला, डोळ्यांत पाणी आलं की नाही, एवढ्यावर दुकान चांगलं की वाईट हे ठरतं. ही पारख कोल्हापूरची नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या मंगळवार पेठेत कुस्तीचं खासबाग मैदान आहे, तिथल्या खाण्यापिण्याचा इतिहास वेगळीच कसोटी सांगतो. रोजच्या गिऱ्हाइकाच्या अंगी लागेल आणि त्याला पुन्हा यावंसं वाटेल, ते दुकान चांगलं.

कोल्हापूर संस्थानचे राजे शाहू महाराज 1902 साली युरोपला गेले, रोमचं कलोसियम पाहून आले आणि 1912 साली खासबागेचं मैदान बांधून पूर्ण झालं. त्याच्या भोवतीच्या पेठांना तालमींनी वळण लावलं. पैलवानाचा खुराक दूध, तूप, मटण आणि बदाम-खसखस वाटून केलेली थंडाई हा. तिखटाला त्यात फारसा मान नाही. धारोष्ण दुधाचे कट्टे शहरात अजूनही भरतात. म्हैस समोर उभी, धार पेल्यात पडते, वर फेस येतो आणि गिऱ्हाईक तो तिथंच तोंडाला लावतं. दूध डोळ्यांदेखत काढून घेण्याचा आग्रह धरणाऱ्या गावाची पहिली मागणी अस्सल जिनसाची असते. मटणाच्या ताटातही तांबड्या रश्श्याशेजारी सौम्य पांढरा रस्सा येतोच. जिभेला जाळायचंच असतं तर त्याची वाटी कुणी ठेवली नसती.

यावर कुणी म्हणेल, कांदा-लसूण चटणी तरी कोल्हापूरचीच ना? आहेच, आणि तिचा अभिमानही रास्त आहे. पण मिरची इथं आली ती पोर्तुगीजांच्या व्यापारातून, सोळाव्या शतकात. चटणीने तिला माणसाळवलं. उन्हाळ्यात वर्षाची चटणी डंकावरून कुटून आणताना घरोघर सांभाळला जातो तो मेळ: रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, आणि जोडीला सुकं खोबरं, तीळ, धणे, कांदा, लसूण. मिसळीचा कट याच मेळावर उभा राहतो. त्यावरचा तवंग चमच्याने बाजूला सारून पाहावा. खाली भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा दाट तपकिरी रस्सा लागला, तर मसाला नीट परतला आहे. नुसतं लाल पाणी लागलं, तर तवंग दिखाव्याचा. मटकीला मोड आलेले हवेत, दाणा अख्खा राहावा आणि बोटाने दाबताच फुटावा. पावाऐवजी ब्रेडचा स्लाइस देण्याची कोल्हापुरी रीत इथं कामी येते, कारण स्लाइस रस्सा लगेच शोषतो आणि कच्चा राहिलेला मसाला जिभेवर उघडा पडतो.

चव ज्याची त्याची, हा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. तिखट किती सोसतं हे ज्याचं त्याचं. पण वाढून घेतलेला कट पहिल्या वाटीइतकाच दाट आहे का, सकाळी आठची मिसळ आणि दुपारी बाराची मिसळ एकच आहे का, हे कुणालाही तपासता येतं. त्याहून मोठी कसोटी याच शहराने घालून दिली आहे. महाराजांच्या पागेत काम करणाऱ्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली. तेव्हा महाराजांनी त्यांना भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ हे हॉटेल काढून दिलं, स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेतला आणि बरोबरच्यांनाही घ्यायला लावला. 1919 साली तर संस्थानातल्या सार्वजनिक जागा अस्पृश्यांना खुल्या करण्याचे हुकूमच निघाले. चहा तोच, पण तो कुणाच्या हातचा आणि कुणाच्या शेजारी बसून प्यायचा, यावर हॉटेलची लायकी मोजण्याची ही सुरुवात होती. म्हणून मिसळीच्या दुकानात हमाल आणि वकील एकाच बाकावर बसतात का, दोघांच्या ताटात कट त्याच पातेल्यातला पडतो का, हे मी चवीइतकंच महत्त्वाचं मानतो.

आता दुकानं पाहुण्यांच्या पैशावर चालतात, त्यांना झणझणीत हवं तर देण्यात काय वावगं, असंही विचारलं जातं. झणझणीत कट वेगळ्या वाटीत द्यावा, त्यात काहीच वावगं नाही. मूळ पातेलंच पाहुण्यासाठी तिखट केलं, की रोजचं गिऱ्हाईक आठवड्यातून एकदा येऊ लागतं, मग सणासुदीला. उद्या मिसळीला गुण द्यायचे असतील, तर रविवारची रांग मोजण्यापेक्षा मंगळवारी सकाळी बाकावर कोण बसलंय ते पाहावं.