बॅटरसीचं छप्पर कुणी काढलं?

लंडनमध्ये टेम्सच्या दक्षिण काठावर बॅटरसीला अवाढव्य वीजकेंद्र होणार म्हटल्यावर १९२०च्या दशकात मोठा गदारोळ झाला. पलीकडच्या काठावरच टेट गॅलरी. धुराने तिथल्या चित्रांचं काय होईल, ही काळजी. कंपनीने मग धूर पाण्याने धुऊनच धुराड्यात सोडायचं कबूल केलं आणि इमारतीला रूप देण्याचं काम सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांना दिलं. लंडनची ती प्रसिद्ध लाल टेलिफोन पेटी यांचीच. धूर धुतलेलं घाण पाणी मात्र खुशाल टेम्समध्ये जाई. हवेची तक्रार नदीच्या माथी मारली गेली.

आतला थाट पाहिला तर इथे वीज तयार होते की राज्यकारभार चालतो, असा प्रश्न पडावा. एकाच इमारतीतल्या दोन केंद्रांपैकी पहिल्याच्या कंट्रोल रूमला इटालियन संगमरवराच्या भिंती, पायाखाली लाकडी तक्तपोशी, वर काचेचं छत आणि त्याखाली तबकड्या नि खटक्यांच्या रांगा. २० एप्रिल १९६४च्या संध्याकाळी केंद्रात आग लागली आणि लंडनच्या मोठ्या भागात अंधार पसरला. नेमक्या त्याच रात्री बीबीसी टू वाहिनी सुरू व्हायची होती. उद्घाटनाचे कार्यक्रम दुसऱ्या दिवसावर गेले.

चौथं धुराडं १९५५ साली पुरं झालं, आणि वीसच वर्षांत, १९७५ला, पहिलं केंद्र बंद पडलं. दुसरं १९८३ला.

तोवर, १९८०मध्ये, इमारतीला वारसा म्हणून संरक्षण मिळालं होतं, त्यामुळे पाडायची सोय नव्हती. पण खरी पडझड सुरू झाली ती वाचवणारे आल्यावर. ऑल्टन टॉवर्स हे करमणूक उद्यान चालवणारे जॉन ब्रूम इथेही तसंच उद्यान करायला निघाले. जुनी यंत्रं बाहेर काढायला छप्पर उतरवलं, पश्चिमेची भिंत पाडली आणि १९८९मध्ये पैसे संपले. बंद केंद्राला गंज चढला असताच, पण सावकाश. इथे पोलादी सांगाडा थेट पावसातच उभा केला. पुढची वीसेक वर्षं मालक बदलत राहिले, आराखडे छापले जात राहिले. बहिरी ससाण्यांनी इथे घरटी केली. रात्री कुंपण ओलांडून हौशी भटके शिरत, धुराड्यांपर्यंत चढत. बॉयलर हाउसमध्ये त्यांना वर उघडं आभाळ दिसे. कंट्रोल रूममधल्या तबकड्या मात्र जागच्या जागी होत्या.

२०१२मध्ये मलेशियन कंपन्यांनी जागा घेतली. चारही धुराडी इतकी पोखरली होती, की ती उतरवून त्याच मापाची नवी बांधावी लागली. म्हणजे आज लोक ज्यांचे फोटो काढतात, ती धुराडी अलीकडचीच. ऑक्टोबर २०२२पासून इमारत सर्वांना खुली आहे: आत दुकानं, अ‍ॅपलची कार्यालयं, महागडे फ्लॅट, एका धुराड्यातून काचेची लिफ्ट वर जाते, तिला तिकीट आहे. दुसऱ्या केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये बार चालतो.