पाणी आलं, ऊस आला, वाघ आला

मी १९७९ साली जुन्नर तालुक्यातल्या खोडदला नांदायला आले, तेव्हा इथल्या शिवारात उसाचं टिपरू औषधालाही सापडत नव्हतं. पावसाळ्यात बाजरी, तिच्यात तूर, मठ, हुलगा. मीना नदीच्या कडेने ज्यांची विहीर होती त्यांचा थोडा गहू, थोडा कांदा. बाकी सगळा माळ. सुगी उरकली की धनगरांचे वाडे यायचे. मामंजी त्यांची मेंढरं वावरात बसवायचे आणि मोबदल्यात बाजरी मापून द्यायचे. लेंडीखतावर पुढचं पीक तरारायचं. त्या माळाला सरकारी कागदावर पड म्हणत. आमच्या गोठ्याला वर्षाचं गवत तोच पुरवायचा.

माझं माहेर पश्चिमेला, आंबेगावच्या अंगाला. तिथे भाताची खाचरं, नाचणी, वरई आणि डोंगरातला हिरडा. ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो, ते जुनं आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणात गेलं. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणं झाली. डिंभ्याचं पाणी डाव्या कालव्याने येडगावला येतं आणि तिथून पुढे पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याकडे जातं. ज्या महादेव कोळ्यांची खाचरं बुडाली, ते मात्र धरणाच्या काठावर राहून पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात पीक घेऊ लागले. कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांची ‘शाश्वत’ संस्था त्या गाळपेरीच्या आणि मासेमारीच्या हक्कासाठी त्यांच्यासोबत उभी राहिली. माहेरचं बुडालं नि सासरचा मुलूख भिजला, हे मी कधी विसरत नाही. कालव्याच्या कडेने चालताना हिशेबाची ही बाजू इथल्या पोरांना मुद्दाम सांगते.

आमच्या मीनेवर वरच्या बाजूला वडज धरण झालं. नदी जास्त दिवस वाहू लागली, बंधाऱ्यांत पाणी थांबलं, विहिरींचे झरे टिकले. निवृत्तीशेठ शेरकरांच्या पुढाकाराने विघ्नहर सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि उसाला हक्काचं गिऱ्हाईक मिळालं. नारायणगावला टोमॅटोचा बाजार वाढला. बांधाबांधावर कांद्याच्या बराखी दिसू लागल्या. घरात पैसा आला, मुली शिकल्या. त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण हुलगा गेला, मठ गेली, माळ नांगरला गेला आणि धनगरांची वाट अरुंद झाली.

माळाचा एक तुकडा मात्र वेगळ्याच कामी आला. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली १९९०च्या दशकात इथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. १४ खोडदजवळ, बाकीच्या तीन फाट्यांवर सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पांगलेल्या. बारीक तारेच्या जाळीतून पलीकडचं आभाळ दिसतं, म्हणून एवढी अवाढव्य तबकडी अंगावर येत नाही. आकाशातल्या अगदी क्षीण रेडिओ लहरी ऐकायच्या तर आसपास गोंगाट नको. डोंगरांची आड असलेली ही जागा त्यासाठीच पसंत पडली. त्यामुळे आमच्याकडे मोठे उद्योग आले नाहीत. चाकणला, रांजणगावला शेतं जाऊन कारखाने झाले. आमची पोरं तिथे कामाला जातात, पण जमीन शेतीचीच राहिली. पुणे–नाशिक वेगवान रेल्वेचा आखलेला मार्गही याच दुर्बिणीपाशी अडला. काहींना हे नुकसान वाटतं. मला ते या मातीचं भाग्य वाटतं.

शेतीचीच राहिली, तरी ती आता बाजरीची शेती नव्हे. बाजरी तीन-साडेतीन महिन्यांत निघते आणि मग रान उघडं पडतं. आडसाली ऊस दीड वर्ष उभा असतो. आत गारवा, शेजारी पाणी, वस्तीवर कुत्री, शेळ्या. बिबट्याला आणखी काय हवं? आम्ही त्याला वाघच म्हणतो. २००१च्या सुमारास जुन्नरमध्ये माणसांवर हल्ले वाढले, पिंजरे लागले, धरलेले बिबटे दूरच्या जंगलांत सोडले गेले. विद्या अत्रेय यांनी या काळाचा अभ्यास केला तेव्हा दिसलं, की असं हलवल्याने हल्ले थांबले नाहीत, उलट वाढले. उसात जन्मलेल्या पिढ्यांना कोणत्या जंगलात परत पाठवणार?

तोडणीच्या वेळी फडात बछडी सापडतात. तोडकरी कोयता थांबवतात, वनखात्याला फोन जातो. संध्याकाळी बछडी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात आणि माणसं मागे सरतात. रात्री मादी येते, एकेकाला तोंडात धरून शेजारच्या फडात नेते. ज्या बाईचं लेकरू बिबट्याने नेलं, तिच्यापुढे मात्र हे सांगायला माझी जीभ रेटत नाही.

तिच्यासाठी करण्यासारखं पुष्कळ आहे. शेतीपंपाला वीज दिवसा द्या, म्हणजे माणूस रात्री दारं धरायला जाणार नाही. शेळ्यांचे गोठे जाळीने बंद करायला मदत करा. आणि आपल्या हातातलं काम आपण करूया: घराला खेटून ऊस लावू नका. मी घरासमोरच्या वावरात दोन वर्षांपासून भुईमूग आणि मठ करते. उसाइतके पैसे होत नाहीत, पण नातवंडं अंगणात खेळताना पलीकडच्या बांधापर्यंत सगळं दिसतं.