घरचा कॅमेरा बाहेरगावाहून कसा पाहायचा? राउटरची मांडणी समजून घ्या

गावी आई-वडील एकटे आणि मुलं पुण्यात किंवा दुबईत. दाराशी कॅमेरा बसवला, घरच्या वायफायवर चित्र लख्ख दिसतं. पण घराबाहेर जाऊन मोबाइल डेटा सुरू केला की पडदा काळा. अशा वेळी कॅमेरा बदलायला निघणारे बरेच जण असतात. दोष बहुतेकदा राउटरच्या मांडणीत असतो.

राउटर घरातल्या प्रत्येक उपकरणाला एक पत्ता देतो. तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो आणि घरापुरताच चालतो. 'फ्लॅट नंबर ३०४' असं नुसतं सांगून पोस्टमन येत नाही, सोसायटीचा पत्ताही लागतो. इंटरनेटवर दिसतो तो राउटरचा सार्वजनिक पत्ता. बाहेरून आलेली विनंती कोणत्या उपकरणाकडे द्यायची हे राउटरला सांगितलेलं नसेल, तर तो ती सोडून देतो.

हे सांगण्याची पद्धत म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. आधी राउटरच्या सेटिंगमध्ये कॅमेऱ्यासाठी पत्ता राखून ठेवायचा, नाहीतर वीज जाऊन आल्यावर तो बदलू शकतो. मग अमुक पोर्टवर आलेली विनंती या पत्त्याकडे पाठव, असा नियम लिहायचा. व्हिडिओसाठीच्या आरटीएसपी पद्धतीचा ठरलेला पोर्ट ५५४ आहे. सार्वजनिक पत्ताही बदलत असेल, तर डायनॅमिक डीएनएस सेवा त्याला कायमचं नाव देते.

नियम बरोबर, तरी चित्र नाही

इथे बहुतेकांची गाडी अडते. आयपीव्ही४ पद्धतीत जगात मिळून सुमारे ४३० कोटीच पत्ते आहेत. ते पुरत नाहीत, म्हणून अनेक इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटतात. याला सीजीनॅट म्हणतात. तपासायला सोपं आहे: राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी आणि 'माझा आयपी' दाखवणाऱ्या वेबसाइटवरचा आयपी जुळवून पाहा. वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर सीजीनॅटच. मग घरच्या राउटरवर कितीही पोर्ट उघडा, उपयोग शून्य. कंपनीकडे स्टॅटिक आयपी मागावा लागतो, त्याचे बहुधा वेगळे पैसे पडतात.

वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर फायबरच्या डब्याला स्वतःचा दुसरा राउटर जोडलेला असण्याची शक्यता जास्त. दोघांपैकी एक ब्रिज मोडवर टाकायचा.

पोर्ट उघडा ठेवावा का?

शक्यतो नको. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या मालवेअरने कारखान्यातून आलेलेच पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशा उपकरणांकरवी डिन या डीएनएस कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास अडखळल्या. मालकांना पत्ताही नव्हता. आई-वडिलांच्या ओसरीवरचं दृश्य अनोळखी माणसाने पाहणं, हा धोका तर आणखी जवळचा.

त्यापेक्षा राउटरवर व्हीपीएन सुरू करणं चांगलं. वायरगार्ड ही पद्धत अनेक नव्या राउटरमध्ये असते. ज्याच्या मोबाइलमध्ये तिची किल्ली आहे, त्यालाच आत प्रवेश. बाकीच्यांना दार आहे हेही कळत नाही. सीजीनॅट असेल तर टेलस्केलसारखी सेवा मार्ग काढते, कारण तिथे जोडणी घरातून बाहेर केली जाते. कॅमेरा कंपनीचं क्लाउड ॲपही असंच चालतं. मात्र तिथे भरवसा कंपनीच्या सर्व्हरवर टाकावा लागतो. यूपीएनपी बंद ठेवावं, ते न विचारता पोर्ट उघडतं.

अडखळणारं चित्र

बाहेरून पाहताना घराचा अपलोड वेग कामी येतो, जाहिरातीतला डाउनलोड नव्हे. १०८०पी चित्राला साधारण २ ते ४ एमबीपीएस लागतात. २ एमबीपीएसने तासाभरात ९०० एमबी खर्च होतात आणि तेवढाच डेटा पाहणाऱ्याच्या मोबाइलचाही जातो. रोजच्या नजरेसाठी कॅमेऱ्याचा हलका सबस्ट्रीम पुरतो. कॅमेरा भिंतीपलीकडे असेल तर २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय जास्त लांब पोहोचतं.

सगळं जमलं की घरी बसूनच मोबाइलचं वायफाय बंद करून तपासावं. आणि लोडशेडिंगच्या गावात राउटरसोबत फायबरचा डबाही इन्व्हर्टरवर घ्यायला विसरू नये.