३सी २९५ : एका दूरस्थ लंबवर्तुळाकार दीर्घिकेच्या शोधाचा इतिहास

प्रस्तावना :
खगोलशास्त्राच्या इतिहासात मोठ्या दुर्बिणींना जेवढे श्रेय दिले जाते, तेवढे त्या दुर्बिणी नेमक्या कोठे रोखाव्यात हे सांगणाऱ्या साधनांना मिळत नाही. भूतप तारकासमूहातील ३सी २९५ या लंबवर्तुळाकार दीर्घिकेचा शोध या दृष्टीने उद्बोधक आहे. तिचा प्रकाश पृथ्वीवर पोहोचण्यास जवळपास पाच अब्ज वर्षे लागतात. प्रस्तुत लेखात या शोधाची पार्श्वभूमी, पद्धती आणि त्यामागील गृहीतक यांचा परामर्श घेतला आहे.

पार्श्वभूमी :
दीर्घिकेच्या वर्णपटातील रेषा तांबड्या टोकाकडे किती सरकल्या आहेत, यावरून, म्हणजेच ताम्रसृतीवरून, तिच्या अंतराचा अंदाज येतो. मिल्टन ह्यूमसन, निकोलस मेयॉल आणि ॲलन सँडेज यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनांत वासुकी समूहाची ०.२० ही ताम्रसृती सर्वाधिक होती. पालोमार येथील ५०८ सें.मी. व्यासाचा आरसा उपलब्ध असूनही त्यापलीकडे जाणे कठीण झाले होते. सामान्य लंबवर्तुळाकार दीर्घिकांच्या वर्णपटात प्रामुख्याने शोषणरेषा असतात. दीर्घिका अतिशय मंद असल्यास रात्रीच्या आकाशाच्या अंगभूत उजेडात या रेषा हरवून जातात.

या कोंडीतून मार्ग निघाला तो रेडिओ खगोलशास्त्रामुळे. १९५१ मध्ये केंब्रिज येथे ग्रॅहॅम स्मिथ यांनी हंस तारकासमूहातील प्रखर रेडिओ स्रोताचे स्थान अचूक मोजले. त्याआधारे वॉल्टर बाडे व रुडॉल्फ मिन्कोव्हस्की यांनी पालोमारवरून त्या जागी ०.०५६ ताम्रसृतीची दीर्घिका शोधली आणि १९५४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिच्या वर्णपटात ठळक उत्सर्जनरेषा होत्या. दोन दीर्घिकांच्या टकरीतून ही ऊर्जा निर्माण होते, असे त्यांचे मत होते. वस्तुतः १९५३ मध्येच जॉड्रेल बँक येथील रॉजर जेनिसन व भारतीय शास्त्रज्ञ मृणाल कुमार दासगुप्ता यांनी दाखवले होते की, हे रेडिओ उत्सर्जन दृश्य दीर्घिकेच्या दोन बाजूंस पसरलेल्या क्षेत्रांतून येते. टकरीच्या कल्पनेशी हे निरीक्षण सहज जुळणारे नव्हते. तरीही ती कल्पना काही वर्षे टिकून राहिली.

शोधाची पद्धती :
मिन्कोव्हस्की यांचा तर्क सरळ होता. हंस तारकासमूहातील स्रोतासारखी दीर्घिका कितीतरी अधिक अंतरावर असली, तरी तिचे रेडिओ उत्सर्जन टिपता येईल. ती क्षीण आणि लहान आकाराची दिसेल, एवढेच. शिवाय तिच्या उत्सर्जनरेषा आकाशाच्या उजेडातही उठून दिसतील. केंब्रिजच्या तिसऱ्या रेडिओ सूचीत (१९५९) समाविष्ट असलेला २९५ क्रमांकाचा स्रोत या कसोटीस उतरला. केंब्रिज आणि ओवेन्स व्हॅली येथील स्थानमापनांमुळे एका मंद दीर्घिकासमूहातील विशिष्ट दीर्घिकेवर बोट ठेवता आले.

१९६० मध्ये, निवृत्तीच्या वर्षी, मिन्कोव्हस्की यांनी पालोमारवरून तिचा वर्णपट मिळवला. त्यात सुमारे ५४४८ अँगस्ट्रॉम तरंगलांबीची एक उत्सर्जनरेषा आढळली. ती आयनीभूत ऑक्सिजनची मूळ ३७२७ अँगस्ट्रॉमची रेषा असल्याचे मानल्यास ताम्रसृती ०.४६ येते. पूर्वीची मर्यादा एका झेपेत दुपटीहून पुढे गेली. दीर्घिकांपुरता हा विक्रम १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अबाधित होता.

मूल्यमापन :
एवढ्या मोठ्या निष्कर्षाचा मुख्य आधार एकच रेषा असावी, ही शंका घेण्याजोगी बाब होती. म्हणूनच विल्यम बॉम यांचे कार्य महत्त्वाचे ठरते. त्यांनी रेषांचा आधार न घेता, निरनिराळ्या रंगांतील तेजस्वितेची तुलना जवळच्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांशी केली. त्यांना याच समूहाची ताम्रसृती ०.४४ मिळाली. दोन स्वतंत्र मार्ग जवळपास एकाच ठिकाणी येऊन मिळाले.

टकरीचे गृहीतक मात्र १९६० च्या दशकात मागे पडले. १९६९ मध्ये डोनाल्ड लिंडेन-बेल यांनी दीर्घिकांच्या केंद्रस्थानी प्रचंड वस्तुमानाची कृष्णविवरे असावीत असे प्रतिपादन केले. रेडिओ दीर्घिकांच्या ऊर्जेचे आजचे स्पष्टीकरण त्याच दिशेचे आहे.

निष्कर्ष :
ज्या स्पष्टीकरणाच्या छायेत हा शोध सुरू झाला ते टिकले नाही. शोधातून मिळालेले मापन मात्र टिकले. याचे कारण असे की, स्रोताचे स्थान, रेषेची तरंगलांबी आणि बॉम यांची पडताळणी यांपैकी काहीही टकरीच्या कल्पनेवर अवलंबून नव्हते. विज्ञानाच्या इतिहासात चुकीच्या गृहीतकांची केवळ चूक म्हणून नोंद करून चालत नाही. त्यांनी कोणते प्रश्न विचारण्यास प्रवृत्त केले, हेही पाहावे लागते. त्याचबरोबर आरशामागील निरीक्षकाइतकेच स्थाननिश्चिती करणारे रेडिओ शास्त्रज्ञही या श्रेयाचे भागीदार ठरतात.